क्रीडास्पर्धा, पर्यटन आणि जंगलातील गावे



डिसेंबर २०२३ मध्ये बल्लारपूरजवळील विसापूरच्या क्रीडा संकुलात राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाल्या. चंद्रपूर जिल्ह्याला त्यांचा अभिमान वाटला, आणि तो रास्तच होता. अशा स्पर्धांमुळे पाहुणे येतील, ते ताडोबाही पाहतील आणि पर्यटनातून जिल्ह्याचा विकास होईल, असा एक हिशेब मांडला जातो. या हिशेबात जंगलालगतच्या गावांचे स्थान काय, हा खरा प्रश्न आहे.

ही गावे पर्यटनाच्या सरसकट विरोधात नाहीत. मोहर्ली, कोलारा या भागांतील तरुणांना मार्गदर्शक व जिप्सीचालक म्हणून काम मिळाले आहे. परंतु पावसाळ्याचे तीन महिने ताडोबाचे गाभा क्षेत्र पर्यटकांना बंद असते. आणि स्पर्धा तर आठवडाभरात आटोपते. हॉटेलातील भांडवल बाहेरचे असेल तर नफाही बाहेर जातो, गावात उरते ती केवळ मजुरी. शिवाय व्याघ्रदर्शनाचा उन्हाळी हंगाम हाच मोहफुले व तेंदूपाने गोळा करण्याचाही हंगाम. पाहुणा वाघ पाहतो तो गाडीतून. मोहफुले वेचणारी बाई त्याच रानात पायी फिरत असते.

मोठ्या स्पर्धांच्या झगमगाटामागे श्रमिकांचे काय होते, हे १९८२ च्या दिल्लीतील आशियाई स्पर्धांनी दाखविले. तेथील बांधकाम-मजुरांच्या किमान वेतनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यावा लागला. किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबविणे ही घटनेच्या २३ व्या कलमान्वये वेठबिगारीच होय, असा निर्णय न्यायालयाने त्याच वर्षी दिला.

दुसरा धडा गडचिरोलीतला आहे. वनहक्क कायद्याखाली मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पुढे बांबूविक्रीचा निर्णयही ग्रामसभेच्या हाती आला. जंगलाच्या उत्पन्नावर गावाची मालकी असू शकते, हे त्यातून सिद्ध झाले.

म्हणून कार्यकर्त्यांनी पर्यटन हवे की नको, या वादात अडकू नये. पर्यटनाची प्रत्येक योजना, तिचा खर्च आणि उत्पन्नातील गावाचा वाटा ग्रामसभेपुढे वाचून दाखविला जावा; बांधकामापासून हॉटेलापर्यंत प्रत्येकास किमान वेतन मिळावे; मोहफुले व तेंदूपानांच्या हंगामात वेचणाऱ्यांच्या हक्काला व सुरक्षिततेला अग्रक्रम असावा, ही मागणी गावोगाव न्यावी. पाहुण्यांचे स्वागत गाव आनंदाने करील. मात्र ते यजमान म्हणून, केवळ चाकर म्हणून नव्हे.