चुलीची दोन कामे

थंड देशांत विस्तव एकीकडे पेटतो आणि तापलेले पाणी नळांतून लोखंडी रेडिएटरपर्यंत जाऊन खोली उबवते. धूर कोणाच्या वाट्याला येत नाही. सातपुड्यात, सुमारे ११५० मीटर उंचीवरील तोरणमाळच्या परिसरात, स्वयंपाक आणि ऊब ही दोन्ही कामे एकट्या चुलीवर पडतात. उज्ज्वला योजना २०१६ साली आली, तरी अनेक घरांत हिवाळ्यात चूल पेटतेच. याला आदिवासींचे अज्ञान म्हणणे हा निव्वळ शहरी उद्धटपणा होय. गॅसवर भाकरी भाजते, घर तापत नाही! धूर मात्र बाईच्या छातीत जातो, आणि मोळीही तिच्याच डोक्यावर असते.

येथे रेडिएटर नको. विस्तव आणि ऊब यांची फारकत करण्याचे त्यातले तत्त्व हवे. धुराचा नळ सरळ छपराबाहेर काढला तर ऊबही त्याबरोबर जाते. तोच मातीच्या जाड ओट्यातून फिरवला, तर विस्तव निवल्यावरही ओटा बराच वेळ उबदार राहतो. कोरियात जमिनीखालून धूर खेळवण्याची अशी पद्धत फार जुनी आहे. अर्थात त्याआधी बांबूचे कूड आतून-बाहेरून शेणामातीने लिंपलेले हवेत; फटी राहिल्या तर लाकूड वाऱ्यासाठीच जळते. शबरी घरकुलाचा प्रस्ताव ग्रामसभेपुढे येईल तेव्हा खोल्यांबरोबर भिंतीची जाडी आणि चुलीचा ओटाही कार्यकर्त्यांनी मागून घ्यावा.