जागलीची बॅटरी
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



ज्वारी हुरड्यात आली की आपली रात्र रानात जाते. रानडुकरे एका रात्रीत पट्टाच्या पट्टा लोळवतात, म्हणून जागल चुकत नाही. हातात काठी, संगे कुत्रे आणि खिशात बॅटरी. बैल घेताना आपण दात पाहतो, बियाण्याचे लेबल पाहतो. बॅटरी मात्र दुकानदाराने लांब झोत पाडून दाखवला की घेतो. इथेच आपण फसतो.

लांबचा झोत डुकरासाठी. आपला जीव अडकलेला असतो पायापुढच्या दहा फुटांत. घोणस धुऱ्याच्या गवतात, फुरसे दगडी बांधाला; हातभर लांब आणि मातीच्याच रंगाचे. कुत्र्याचे डोळे उजेडात चमकतात, सापाचे चमकत नाहीत. म्हणून उजेड पसरट हवा, आणि बॅटरी कमरेखाली धरायला हवी. उजेड आडवा पडला की सापाची, खड्ड्याची, भेगेची सावली उठून दिसते. कपाळाच्या बॅटरीने हात मोकळे राहतात, पण सावली लपते. ती खोपीतल्या कामाला ठेवा.

अंगठ्याएवढ्या जाडीच्या लिथियम सेलवर 9,900 चा आकडा छापलेला असतो. त्या मापाचा चांगला सेलसुद्धा साधारण 3,500 मिलीअँपिअर-तासांचा असतो. आकडा मोठा दिसला की माल परत करा. मंद आणि तेज, दोन्ही उजेड असलेली घ्या. मंदावर चालले की सेल पहाटेपर्यंत पुरतो.

कुत्र्याला फार पुढे सोडू नका, बिबट्याला ते सोपे भक्ष्य. डिसेंबर 2024 मध्ये तर येडशीच्या रामलिंग अभयारण्यात यवतमाळकडच्या टिपेश्वरचा वाघ कॅमेऱ्यात दिसला. कुत्रे थबकून गुरगुरले की आपणही थांबावे. उजेड त्याच्या डोळ्यांत नको, ते पाहते आहे तिकडे टाकावा.

दंश झालाच तर आवळून बांधू नका, चिरा देऊ नका. हातपाय हलू न देता थेट सरकारी दवाखाना गाठा.

आता हिशेबाचे. कापसाच्या फवारणीचा खर्च आपण वहीत लिहितो. ज्वारीच्या खर्चात जागलीच्या रात्री कोणी लिहिल्या आहेत? आम्ही कृषी महाविद्यालयात उत्पादन खर्च शिकलो, त्यात झोपमोडीचा रकाना नव्हता. तो आपणच आखू. बॅटरी, सेल आणि प्रत्येक रात्रीची मजुरी वहीत मांडा, आणि ती वही पुढच्या बैठकीला घेऊन या. भाव मागायचा तर आधी खर्च पुरा सांगता आला पाहिजे.