सासूनचे फेदायी

श्रोतेहो, ऑटोमन साम्राज्याच्या पूर्व भागातील आर्मेनियन शेतकऱ्यांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दुहेरी भार होता. सरकारी कर भरूनही त्यांना स्थानिक कुर्द सरदारांना खंडणी द्यावी लागे.

1878 च्या बर्लिन तहात आर्मेनियन प्रजेला संरक्षण देण्याचे वचन सुलतानाच्या सरकारने दिले होते,
परंतु ते पाळले गेले नाही;
उलट 1891 मध्ये कुर्द टोळ्यांमधून ‘हमीदिये’ नावाची घोडदळ-पथके उभारली गेली, आणि खेड्यांची असुरक्षितता वाढली.

याच असुरक्षिततेतून ‘फेदायी’, म्हणजे प्राण पणाला लावणारे अनियमित लढवय्ये, पुढे आले.

सासूनच्या डोंगराळ खेड्यांनी खंडणी नाकारली, तेव्हा 1894 मध्ये सैन्य आणि कुर्द टोळ्या तेथे चालून गेल्या, आणि हजारो गावकरी, त्यांत स्त्रिया व मुलेही, मारले गेले. प्रतिकाराचे मोल निःशस्त्रांनी चुकवले, हे या इतिहासातले सर्वांत वेदनादायक सत्य होय.

श्रोतेहो, फेदायी संख्येने थोडे होते. त्यांना अन्न, आसरा आणि वाटाड्या पुरवणारी खेडी हाच त्यांचा खरा आधार होता.

1901 च्या नोव्हेंबरमध्ये आंद्रानिक ओझानियान या फेदायी सेनानीने मूश शहराजवळच्या मठात मोजक्या साथीदारांसह वेढ्याला तोंड दिले,
आपल्या मागण्यांकडे परदेशी वकिलातींचे लक्ष वेधले,
आणि अखेर रात्रीच्या अंधारात वेढ्यातून निसटून जाण्यात यश मिळवले.

पुढे 1908 मध्ये ऑटोमन राज्यघटना पुन्हा लागू झाली, तेव्हा समान नागरिकत्वाच्या आशेने अनेक फेदायी डोंगर सोडून उघडपणे शहरांत आले.