पालिकेच्या पैशाचा हिशेब चाळीच्या तोंडाशी मांडा!



मुंबई महाराष्ट्रात राहावी म्हणून आपले गिरणगाव लढले, 1 मे 1960 ला जिंकले. त्याआधीच, 1957 साली, संयुक्त महाराष्ट्र समितीने मुंबईची महापालिका घेतली. 1958 साली कामगार पुढारी कॉम्रेड मिरजकर महापौर झाले. पण शहर आपले झाले म्हणून तिजोरी आपोआप आपली होत नाही. तिच्यावर पहारा ठेवावा लागतो.

कुणी म्हणेल, आम्ही खोलीत राहणारे, आमचा कराशी काय संबंध? 1 जानेवारी 2022 पासून 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफच आहे. अहो, 2017 पर्यंत जकात होती, ती मालाच्या किमतीत चढून आपल्याच खिशातून जायची. जकात गेली, तिच्या बदली राज्य सरकार पालिकेला भरपाई देते. तो पैसाही आपल्याच करातला. तेल-साबण घेणारा प्रत्येक जण करदाता आहे!

आता खर्च बघा. पालिकेचे अंदाजपत्रक 2022-23 साली सुमारे 45,900 कोटींचे होते, 2025-26 साली 74,400 कोटींवर गेले. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली. त्यानंतर 2023, 2024 आणि 2025 ची अंदाजपत्रके प्रशासकाने मांडली आणि प्रशासकानेच मंजूर केली. मागणारा तोच, देणारा तोच! मग विचारणार कोण?

मार्च 2023 मध्ये कॅगचा तपासणी अहवाल विधानसभेत आला. त्यात लिहिले आहे की, 214 कोटींची 20 कामे निविदा न मागवता दिली, आणि 4,755 कोटींच्या 64 कामांत कंत्राटदाराशी करारच केला नाही. करार नाही, तर काम बिघडल्यावर धरायचे कुणाला?

गिरणीत ताक्यात खोट निघाली की विणकराचा पगार कापत. मग पहिल्या पावसात रस्ता उखडला तर कंत्राटदाराचे बिल का कापू नये?

काटकसर म्हटली की साहेबांची कात्री आधी झाडूवाल्यावर नि इस्पितळाच्या औषधांवर चालते. ती काटकसर आम्हाला नको. आम्ही मागतो ते एवढेच: प्रत्येक कामावर फलक लावा, त्यावर कंत्राटदार, रक्कम आणि मुदत मराठीत लिहा. करार झाल्याशिवाय काम नाही, तपासणी झाल्याशिवाय बिल नाही. खर्च वाढवायचा तर आधी वॉर्डातल्या लोकांसमोर कारण सांगा.

आणि आपणही गप्प बसायचे नाही. 2005 चा माहितीचा कायदा आपल्या हातात आहे. प्रत्येक चाळीतून दोन माणसे निघू द्या, एका कामाचे कागद मागू द्या. मिळालेला हिशेब चाळीच्या तोंडाशी फळ्यावर लिहा.

मुंबई मिळवली एकजुटीने, तिचा पैसाही राखू एकजुटीने!

जय महाराष्ट्र!