पांघरूण विणून झाले, पण पुरे झाले का?



माझ्या आईने पहिल्या नातवासाठी लोकरीचे पांघरूण विणले. तीन महिने सुया चालल्या. शेवटचा टाका बंद केला, तर कडा वाकड्या आणि एक कोपरा वर वळलेला! मी तेव्हा नुकताच एम. ए. झालो होतो. "धुतले की बसेल," म्हणून मी ते कढत पाण्यात घातले, वर धुण्याचा सोडा टाकला आणि खसाखसा चोळले. वाळल्यावर हाती आले ते टॉवेलाएवढे जाड फडके. आई एवढेच म्हणाली, "असू दे, बाळाच्या पाटावर घालू."

लोकरीच्या तंतूवर अतिसूक्ष्म खवले असतात. ऊन पाणी, साबण आणि चोळणे एकत्र आले, की तंतू एकमेकांत अडकतात. काश्मीरचा नमदा याच गुणावर तयार होतो. पण एकदा आटलेली लोकर पुन्हा सुटत नाही.

मग करावे कसे? प्रथम लोंबती टोके मोठ्या नेढ्याच्या सुईने उलट बाजूच्या टाक्यांत दोन-तीन इंच ओवून घ्या. रिठ्याच्या थंड पाण्यात पांघरूण पंधरा-वीस मिनिटे नुसते बुडवून ठेवा. चोळू नका, पिळू नका. स्वच्छ पाण्यातून काढताना खालून दोन्ही हातांचा आधार द्या. ओली लोकर स्वतःच्या भारानेच ओघळते. मग कोरड्या पंचात गुंडाळून दाबा.

आता खरे काम. सतरंजीवर चादर घालून पांघरूण पसरा, मधून कडांकडे हलकेच सारत न्या आणि टेपने मोजा. शिक्षकबंधूंनो, येथे भूमिती कामी येते. समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि दोन्ही कर्णही सारखे, म्हणजे चारही कोपरे काटकोनात! कडेने न गंजणाऱ्या टाचण्या लावा आणि सावलीत पूर्ण वाळू द्या. दोरीवर टाकू नका. भिजलेला तंतू मऊ पडतो आणि ज्या आकारात वाळतो तो आकार धरतो. पुढच्या धुण्यानंतर मात्र हे पुन्हा करावे लागते.

एक सावधगिरी. बाजारात लोकर म्हणून मिळणारा पुष्कळसा धागा ॲक्रिलिकचा असतो. तो नुसत्या पाण्याने असा आकार धरत नाही, आणि कढत इस्त्रीने कायमचा बिघडतो. तेव्हा चिठ्ठी वाचूनच धागा घ्या.

पुढच्या हिवाळ्यात आईने दुसरे पांघरूण विणले. त्या वेळी मी फक्त टेप धरली.