राजाची प्रतिष्ठा आणि रयतेचे हित



राजाची प्रतिष्ठा दरबारातील मानापमानावरून ठरते, असा सर्वसाधारण समज आहे. सतराव्या शतकातील परराष्ट्र व्यवहारात या मानाला फार मोल होते, हे खरेच. १२ मे १६६६ रोजी आग्र्याच्या दरबारात शिवाजी महाराजांना पाच हजारी मनसबदारांच्या रांगेत उभे करण्यात आले, तेव्हा भर दरबारात त्यांनी आपला संताप प्रकट केला. रांगेतील जागा हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नव्हता; समोरचा पुरुष राजा की पदरचा चाकर, याचा तो निवाडा होता.

आठ वर्षांनी हा निवाडा रायगडावर फिरला. मे १६७४ मध्ये मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन चौलहून नदीमार्गे अष्टमीस आला. धाटावच्या अंगाने वाहणाऱ्या याच कुंडलिकेच्या काठी उतरून तो निजामपूरमार्गे पाचाडास गेला. इंग्रजांनी १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात स्वतःचे निशाण फडकावून गडावर मारा केला होता. त्याचे फळ म्हणून १६६१ मध्ये त्यांची राजापूरची वखार लुटली गेली. तेच इंग्रज आता नजराणा घेऊन आले होते. ६ जून रोजी, राज्याभिषेकाच्या वेळी, दुभाषा नारायण शेणवी याने दुरूनच हिऱ्याची अंगठी उंच धरली. महाराजांनी वकिलास सिंहासनाजवळ बोलावून मानाची वस्त्रे दिली.

परंतु प्रतिष्ठेची खरी कसोटी तहाच्या कलमांत लागली. व्यापाराची मोकळीक, शेकडा अडीच जकात इत्यादी मागण्या मान्य झाल्या. दोन कलमांना मात्र नकार मिळाला. इंग्रजांचे नाणे स्वराज्यात चालावे, या मागणीवर उत्तर आले की नाणे चोख असेल तर त्यास बंदी नाही. पण ज्यात रयतेचा तोटा होईल ते नाणे घेण्याची सक्ती तिच्यावर करता येणार नाही. वादळाने किनाऱ्यास लागलेली गलबते परत करण्याचे कलमही कोकणच्या जुन्या रिवाजाविरुद्ध ठरले. इंग्रजांना ही सवलत दिली, तर फ्रेंच आणि डच यांनाही ती नाकारता आली नसती.

आग्र्यात मान राखण्यासाठी क्रोध प्रकट करावा लागला. रायगडावर शांतपणे दिलेला नकार पुरेसा झाला. पाहुण्याचा सत्कार करताना हात आखडला नाही आणि करार करताना रयतेच्या पदराला हात लागू दिला नाही. राज्याचा लौकिक समारंभाने दिसतो खरा. परंतु तो टिकतो अशा कलमांवर.