नकबा आणि हिब्रू कविता



अनुवादित कवितेच्या या संमेलनाचे पहिले सत्र हिब्रू कवितेचे आहे आणि विषय अवघड आहे. १९४८च्या युद्धात सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी घरादाराला मुकले, चारशेहून अधिक गावे ओस पडली. अरबीत या आपत्तीला ‘नकबा’ म्हणतात. इस्रायली समाजाने पुढे कित्येक वर्षे हा विषय टाळला. त्याच्या काही कवींनी मात्र तेव्हाच त्याला हात घातला होता.

१९ नोव्हेंबर १९४८. युद्ध संपायचे होते. कामगार महासंघाच्या ‘दावार’ दैनिकात नातान आल्तरमान यांच्या नेहमीच्या सदरात ‘अल झोत’ ही कविता आली. जिंकलेल्या शहरातून जीप दामटणारा कोवळा सैनिक, भिंतीला चिकटलेले एक म्हातारा आणि एक बाई, आणि बंदूक चालते का हे पाहायला झाडलेली गोळी. शहराचे नाव कवितेत नाही. पंतप्रधान बेन-गुरिअन यांनी कवीचे अभिनंदन केले आणि ही कविता सैनिकांत वाटण्याची परवानगी मागितली. निर्वासितांना परतू न देणारे सरकारही त्यांचेच.

अवोत येशुरून यांच्या वाट्याला हे कौतुक आले नाही. ते १९२५मध्ये पोलंडहून पॅलेस्टाइनला आले. मागे राहिलेले कुटुंब नाझींच्या संहारात गेले. १९५२मध्ये ‘हारेत्झ’मध्ये छापलेल्या ‘पेसाह अल कुखीम’मध्ये त्यांनी हिब्रूत यिडिश आणि अरबी मिसळली, आणि आपली माणसे व परागंदा झालेले अरब यांना एकाच शोकात आणले. टीकाकार तुटून पडले. आल्तरमान यांनी युद्धातला अतिरेक आणि त्यावरचे मौन दाखवले होते. येशुरून यांनी विस्थापनाचाच जाब विचारला. तो पचणारा नव्हता. इस्रायल पुरस्कार त्यांना मिळाला तो १९९२मध्ये.

समीक्षक हनान हेवेर यांनी १९४८ ते १९५८ या काळातल्या अशा हिब्रू कविता ‘अल तगीदू बे-गात’ या संग्रहात एकत्र केल्या, २०१०मध्ये. पुढच्याच वर्षी इस्रायली संसदेने कायदा केला: स्वातंत्र्यदिन नकब्याचा शोकदिन म्हणून पाळणाऱ्या संस्थांचा सरकारी निधी अर्थमंत्री कापू शकतात.

अनुवादकांना स्वागत समितीची एकच विनंती आहे. येशुरून मराठीत आणताना पॅलेस्टिनी कवी महमूद दरवीशही शेजारी ठेवावेत; १९४८मध्ये त्यांच्या कुटुंबाला गॅलिलीतले अल-बिरवा गाव सोडावे लागले होते. दुपारच्या सत्रात दोघांचेही अनुवाद वाचले जातील. रसिकांनी जरूर थांबावे.